एकाच वेतातली पिल्लं, तीन वेगळे भाव: लॅब्रॅडॉरच्या किमतीचं एक प्रकरण

माझ्या मावसबहिणीच्या घरी लॅब्रॅडॉर घ्यायचं ठरलं आणि चार-पाच दिवसांत तिच्यासमोर तीन भाव येऊन पडले. एका जाहिरातीतलं पिल्लू सगळ्यात स्वस्त. एका ब्रीडर मॅडमकडचं त्याच्या तिप्पट. आणि तिसरीकडे 'सिल्व्हर लॅब' म्हणून जे विकायला होतं ते मॅडमच्या पिल्लाच्याही दुप्पट. तिन्ही प्युअरब्रीड, तिन्हींना 'पेपर्स आहेत', म्हणजे केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंद आहे, असं सांगितलेलं, फोटोत तिन्ही तितकीच गोड. भाऊजींचा प्रश्न सरळ होता, जात तीच, वय साधारण तेच, मग आपण नेमके कशाचे पैसे मोजतोय? कुत्र्यांचे पेपर्स आणि एक्स-रे रिपोर्ट वाचायची मला सवय आहे म्हणून ताई मला सोबत घेऊन गेली, आणि मधल्या किमतीवाल्या त्या ब्रीडर मॅडमनी आम्हाला चक्क त्यांचं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात त्या वेताचा पहिल्या दिवसापासूनचा हिशोब होता. असा हिशोब फार कमी लोक दाखवतात म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

आकडे मी मुद्दाम पैशात देत नाही कारण ते प्रत्येक ठिकाणी आणि दरवर्षी बदलतात. मॅडमच्या एका पिल्लाचा भाव म्हणजे 'एक पिल्लू' असं माप धरून सगळं सांगतो.

रजिस्टरची पहिली नोंद मेटिंगच्या कितीतरी आधीची होती आणि माझ्या मते किमतीतला खरा फरक इथेच पडतो. आई काळी लॅब, चार वर्षांची, हे तिचं दुसरं वेत. तिच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेले. दोन वर्षं का, तर लॅबमध्ये हिप डिस्प्लेसिया म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास बराच दिसतो, तो एका जीनमुळे नाही तर अनेक जीन्स, वजन, वाढीचा वेग अशा सगळ्याच्या मिश्रणातून येतो, त्यामुळे थुंकी घेऊन टेस्ट केली आणि झालं असं होत नाही, सांधा पूर्ण वाढल्यावर एक्स-रे काढूनच बघावं लागतं. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याचं कायमचं सर्टिफिकेट २४ महिन्यांच्या आधी देतच नाही. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशा ग्रेड असतात, ए म्हणजे सांधा चांगला आणि ई म्हणजे गंभीर दोष. मॅडमच्या मादीचे खुबे ए, कोपर शून्य म्हणजे निर्दोष. आता जो माणूस मादी पहिल्यांदा हीटवर म्हणजे माजावर आली की लगेच, म्हणजे वर्षभराच्याही आत मेटिंग करतो त्याच्याकडे हा कागद असूच शकत नाही. दोन वर्षं कुत्री सांभाळायची, तिला खायला घालायचं आणि रिपोर्ट खराब आला तर तिला घरची कुत्री म्हणून ठेवायचं आणि वेत घ्यायचंच नाही, ही जोखीम त्या किमतीत धरलेली असते. मॅडमकडे अशी एक मादी होतीही, हिप सी ग्रेड आली म्हणून तिचं एकही वेत घेतलं नाही, ती सोफ्यावर झोपलेली आम्ही बघितली.

मग जीन टेस्ट. लॅबमध्ये ईआयसी नावाचा आजार असतो, कुत्रा एरवी ठणठणीत पण पाच ते वीस मिनिटं जोरात पळाला, बॉल आणायला लावला की मागचे पाय लटपटायला लागतात आणि कोसळतो, कधीकधी जीवही जातो. दुसरा पीआरसीडी-पीआरए, त्यात नजर मोठेपणी हळूहळू जाते, पिल्लू घेताना काहीही दिसत नाही. दोन्ही रिसेसिव्ह आहेत, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही खराब प्रती आल्या तरच आजार होतो. मॅडमची मादी ईआयसी कॅरिअर निघाली होती, म्हणजे तिच्यात एकच खराब प्रत होती. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि मला ते फार आवडलं, कारण कॅरिअर मादी वापरणं हा गुन्हा नाही, तिला क्लिअर म्हणजे एकही खराब प्रत नसलेला नर दिला की एकही पिल्लू आजारी पडत नाही, सरासरी निम्मी फक्त कॅरिअर होतात. पण न तपासलेला नर दिला आणि तोही कॅरिअर निघाला तर प्रत्येक पिल्लाला चारात एक अशी आजाराची शक्यता. म्हणून मॅडमनी जवळचा फुकट मिळणारा नर सोडून लांबचा, टेस्ट केलेला, पीआरएलाही क्लिअर नर निवडला. त्याची स्टड फी, म्हणजे मेटिंगसाठी नरवाल्याला द्यायचे पैसे, झाली एक पिल्लू. ही फी बऱ्याच ठिकाणी साधारण एका पिल्लाच्या भावाइतकीच असते, किंवा नरवाला पैशाऐवजी वेतातलं पहिलं निवडीचं पिल्लू घेतो.

लांबचा नर निवडायचं अजून एक कारण होतं ते म्हणजे रक्तसंबंध. जवळच्या नराचा आणि या मादीचा बाप एकच होता, म्हणजे सावत्र भावंडांचं मेटिंग झालं असतं. त्यातून येणाऱ्या पिल्लांचं इनब्रीडिंग किमान १२.५ टक्के, सख्ख्या भावंडांचं असेल तर २५. पेडिग्री म्हणजे वंशावळ हातात आली की लोक चॅम्पियन शोधतात, मी आधी एकच नाव दोन्ही बाजूंना येतंय का ते बघतो, तुम्हीही बघा.

मेटिंगच्या आधी ब्रुसेला या मेटिंगमधून पसरणाऱ्या संसर्गाची टेस्ट, नेमका दिवस कळावा म्हणून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रक्त तपासण्या, प्रवास, सोनोग्राफी, हे सगळं आणि आईच्या टेस्टचा या वेताच्या वाट्याला येणारा भाग मिळून अर्धं पिल्लू. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढला की पिल्लांची हाडं दिसतात आणि मोजता येतात, तशी आठ मोजली होती. हा एक्स-रे चैनीचा खर्च वाटतो पण नाही, आत किती आहेत हेच माहीत नसेल तर वेणा थांबल्यावर संपलं की अडकलं हे कळणार कसं?

आणि इथे तेच झालं. दोन पिल्लं नीट आली आणि नंतर वेणाच थांबल्या, आठ मोजलेली असल्यामुळे मॅडमनी वाट बघत न बसता रात्रीच व्हेटकडे नेलं आणि सिझेरियन झालं. एक मेलेलं निघालं, एक चौथ्या दिवशी गेलं, सहा वाचली. रात्रीचं ऑपरेशन, भूल, औषधं, नंतरच्या तपासण्या मिळून सव्वा पिल्लू.

रजिस्टरमधलं पुढचं पान मी बराच वेळ बघत होतो. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची रिबीन आणि त्या रंगाच्या नावाने रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घेतलेलं वजन, ग्रॅममध्ये. हिरव्या रिबिनीच्या पिल्लासमोर तीन वेळा ओळीने जवळजवळ तोच आकडा आणि शेजारी 'दर २ तासांनी ट्यूब', म्हणजे नळीने दूध, असं लिहिलेलं. नवजात पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, गार पडलं तर दूधही पचत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध, आणि हे रात्रभर, कारण आई ऑपरेशनमधून उठलेली होती आणि पहिले दोन दिवस तिला दूधही धड येत नव्हतं. हिरव्याचं वजन तिसऱ्या दिवशी चढलेलं दिसतं आणि मग शेवटपर्यंत चढतच जातं. या मेहनतीची एक पैही हिशोबात धरलेली नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "ते धरलं तर कुणी पिल्लूच घेणार नाही ओ."

आईचं खाणं, पिल्लांचं खाणं, दुसऱ्या आठवड्यापासून डीवर्मिंग, पहिलं लसीकरण, १५ आकडी मायक्रोचिप, रजिस्ट्रेशन, असं सगळं मिळून आणखी सव्वा पिल्लू. एकूण झाली चार पिल्लं. सहातली एक मादी त्यांनी स्वतःकडे ठेवली, म्हणजे विकायला पाच. आठही जगली असती आणि सिझेरियन झालं नसतं तर खाण्या-लसींचा खर्च थोडा वाढूनही तीनेक पिल्लांत सगळं भागलं असतं, सात विकली असती आणि चार पिल्लांएवढा पैसा हातात राहिला असता. म्हणजे त्याच भावात एका वेताला चांगला नफा आणि दुसऱ्याला जवळपास शून्य.

आता यातला जो मुद्दा बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही तो असा की मॅडमनी भाव वाढवला नाही. भाव मेटिंगच्या आधीच वेटिंग लिस्टवरच्या लोकांना सांगितलेला होता आणि सिझेरियन झालं, दोन पिल्लं गेली तरी तोच राहिला. ब्रीडर खर्च जास्त झाला म्हणून भाव सांगतो असं आपण धरून चालतो, तसं नसतं. वरचा भाव मागणी ठरवते, लोक किती द्यायला तयार आहेत ते. २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा पिल्लांचे भाव कितीतरी देशांत चढले, तेव्हा काही एक्स-रे महाग झाले नव्हते. आणि एखादी जात फॅशनमध्ये आली की तेच होतं, अमेरिकन केनेल क्लबच्या लोकप्रिय जातींच्या यादीत ३१ वर्षं पहिल्या नंबरवर असलेल्या लॅबला २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगने मागे टाकलं. फ्रेंचीच्या किमतीत अर्थात खर्चही खरा आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत फ्रेंच बुलडॉगची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली दिसली, पण ज्या जातीला नीट विताच येत नाही तिची किंमत त्यामुळे जास्त आहे हे ऐकून मला तरी वाईटच वाटतं.

खर्च ठरवतो तो खालचा भाव. म्हणजे एका मर्यादेच्या खाली कुणी विकत असेल तर वरच्या यादीतलं काहीतरी गाळलेलंच असतं, आणि काय गाळलंय ते शोधणं हे घेणाऱ्याचं काम.

ते आम्ही स्वस्त जाहिरातीच्या बाबतीत केलं. फोनवर विचारलं, आईच्या खुब्यांचा रिपोर्ट आहे का, तर उत्तर आलं "दोघंही एकदम हेल्दी आहेत." जीन टेस्ट, तेच उत्तर. पिल्लू पाच आठवड्यांचं आणि आजच न्या म्हणत होते. आई बघायला मिळेल का, तर ती दुसरीकडे ठेवलीय. इथेच मी ताईला थांब म्हणालो. पाचव्या आठवड्यात पिल्लू उचललं की विकणाऱ्याचा सगळ्यात महाग काळ वाचतो, कारण त्यानंतरच पिल्लं खूप खातात, घाण करतात, लसी लागतात. पण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी फार नाजूक असतो, त्यातले पहिले काही आठवडे आई आणि भावंडांसोबत जायला हवेत, किती जोरात चावलं की दुखतं हे ते तिथेच शिकतं. आणि आई न दाखवणं ही तर इतकी ओळखीची खूण आहे की इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालच्या पिल्लांची दलालामार्फत विक्री कायद्याने बंद आहे आणि पिल्लू आईसोबतच दाखवावं लागतं. स्वस्त म्हणजे फसवणूकच असं मी म्हणत नाही, एखाद्याने हौसेने घरच्या कुत्रीचं एकच वेत घेतलं असेल आणि नफा नकोच असेल तर तो कमी भावात देऊ शकतो, पण मग तो आई दाखवतो, आठ आठवडे थांबतो आणि रिपोर्ट असतील तर स्वतःहून पुढे करतो.

पेपर्सबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू दे. केनेल क्लबचं रजिस्ट्रेशन आई-बाप कोण नोंदवलेत ते सांगतं, एवढंच. ते तब्येतीचं सर्टिफिकेट नाही. आणि 'चॅम्पियन ब्लडलाइन' ऐकलं की विचारा चॅम्पियन कुठल्या पिढीत. आई किंवा बाप असेल तर पिल्लात त्याचा निम्मा वाटा, आजोबा असेल तर सरासरी पाव, पणजोबाच्याही वडिलांचं नाव दाखवत असतील तर ६.२५ टक्के. एवढ्यासाठी दुप्पट भाव द्यायचा का?

सिल्व्हरचं प्रकरण वेगळं होतं. तिथे सगळं चकचकीत, पिल्लं आठ आठवड्यांची, चिप लावलेली, आईसुद्धा दाखवली. पण जादाचा भाव निव्वळ रंगाचा. लॅबच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनात, रंग तीनच आहेत, काळा, पिवळा आणि चॉकलेट, फॉक्स रेड आणि 'व्हाइट' या पिवळ्याच्याच छटा. सिल्व्हर म्हणजे चॉकलेट रंग फिका करणारा डायल्यूट जीन आई-बाप दोन्हीकडून आलेला, स्टँडर्डमध्ये तो रंग धरलेलाच नाही. अशा काही कुत्र्यांचे केस पुढे विरळ होतात, त्वचा त्रास देते. दुर्मिळ म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा ब्रीड क्लबने नको म्हटलेलं असतं, त्यामुळे जाणकार ते करत नाहीत आणि म्हणूनच ते कमी दिसतं. शिवाय एका रंगाच्या मागे लागलं की निवडीला थोडेच कुत्रे उरतात. ब्रिटनमधल्या तेहतीस हजारांच्या आसपास लॅब्सच्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात चॉकलेट लॅब्सचं मध्यक (मीडियन) आयुष्य १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचं १२.१ निघालं, रंग दोन्हीकडून यावा लागतो म्हणून ब्रीडिंगचा घेर लहान होणं हे एक कारण असू शकतं असं अभ्यासकांनी म्हटलंय. त्या माणसाकडे खुब्याचे रिपोर्ट नव्हते. सगळ्यात महाग पिल्लू आणि तपासणीत मात्र स्वस्तवाल्याच्याच रांगेत.

मग मॅडमच्याच वेतात तीन भाव कसे? चार पिल्लांचा भाव एकच सांगितलेला, नर-मादी फरक नाही. बरेच ब्रीडर मादीला जास्त लावतात कारण ती पुढे वेत देणार, पण मॅडम सगळी पिल्लं ब्रीडिंग राइट्सशिवाय देतात, म्हणजे त्या पिल्लाच्या पिल्लांना रजिस्ट्रेशन मिळणार नाही, त्यामुळे मादीला जास्त लावायचं कारणच उरत नाही. ज्याला राइट्स हवेत त्याने दोन वर्षांनी रिपोर्ट आणायचे, मग मॅडम ही अट उठवतात. 'शो क्वालिटी' म्हणून आठ आठवड्यांच्या पिल्लाला दीडपट भाव लावणं त्यांना पटत नाही, दात कसे बसतील, खांदे कसे भरतील हे तेव्हा अंदाजाने सांगता येतं, खात्रीने नाही.

पाचवं होतं हिरव्या रिबिनीचं, आणि त्याचा भाव दोन तृतीयांश. नर, पण आठव्या आठवड्यात एकच अंडकोष उतरलेला. तो सहा महिन्यांपर्यंत उतरू शकतो, पण नाही उतरला तर असा नर शोमधून बाद आणि त्याला ब्रीडही करू नये कारण हा दोष पुढे जातो. घरात पाळायला? काहीही फरक नाही. फक्त पोटात राहिलेल्या अंडकोषात पुढे गाठ होण्याचा धोका वाढतो म्हणून तो काढावाच लागतो, आणि पोट उघडून काढायचं ऑपरेशन साध्या नसबंदीपेक्षा महाग पडतं. मी ताईला तिच्या व्हेटकडून या ऑपरेशनचा खर्च आधी विचारून घ्यायला लावला. सवलतीतला अर्ध्याहून जास्त भाग त्यातच जाणार होता. तरी भाऊजींनी तोच निवडला, त्यांना ते वजनाचं पान बघून त्याच्याबद्दल काहीतरी वाटलं होतं, आणि आई-बापाचे रिपोर्ट तर त्याचेही तेच.

करारात दोन अटी होत्या ज्या मी इतरांनाही मागायला सांगतो. एक, दोन वर्षांत खुब्याचा किंवा टेस्टमधला गंभीर आनुवंशिक दोष निघाला तर भावाचा अर्धा भाग परत. दोन, कधीही कुत्रा सांभाळता आला नाही तर तो मॅडमकडेच परत द्यायचा, दुसरीकडे नाही. दुसऱ्या अटीचा खर्च ब्रीडरच्या माथ्यावर दहा-बारा वर्षं असतो, आणि स्वस्तवाल्याचा तर पिल्लू दिल्यावर फोनच लागत नाही.

तिसरा भाव नंतर आला. चारपैकी तीन पिल्लं पूर्ण भावात गेली, एक काळा नर राहिला कारण ज्यांनी बुक केला होता त्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं. चौदा आठवड्यांचा झाला तेव्हा मॅडमनी तो अर्ध्या भावात दिला. त्याच्यावरचा खर्च सगळ्यात जास्त झालेला, लसींचे पुढचे डोस झालेले, पट्ट्यावर नीट चालायचा, रात्री क्रेटमध्ये न रडता झोपायचा, बाहेर शी-शूची सवय लागलेली, गाडीत बसायची भीती गेलेली. पण लोकांना आठ आठवड्यांचा गोळा हवा असतो, त्यामुळे वय वाढलं की भाव पडतो. तो भाव धरून सगळा जमाखर्च मांडला तर वेताची जमा चार पिल्लांच्या थोडी वर जाते, म्हणजे मॅडमना जेमतेम खर्च सुटला आणि घरात एक मादी उरली. तो काळा नर एका निवृत्त जोडप्याने नेला, त्यांना रात्री-अपरात्री उठणं जमणार नव्हतं आणि त्यांनी मोठं पिल्लू आहे का असं स्वतःहून विचारलं होतं. ताईने पहिल्यांदा फोन केला तेव्हा हा पर्याय असतो हे आम्हाला सुचलं असतं तर मी तिला आधी हेच विचार म्हणून सांगितलं असतं, आता दुसऱ्या कुणी विचारलं की सांगतो.